डाव्या हाताची चॉकलेटं

२९ जानेवारी, रविवार

ठरलं. क्रेंटसिल बाईंना विचारायचं! चौदा फेब्रुवारीला, चॉकलेटच्या दिवशी, त्यांच्या दारात जायचं, चॉकलेटं हातात ठेवायची आणि सरळ विचारायचं — बाई, या वयात माझ्याशी लग्न कराल का?

लिहून टाकलं ते बरं झालं. आता मागे फिरता येणार नाही. (येईल. पान फाडता येतं.)

चर्चहून येताना अबाला सांगितलं. कोणाला तरी सांगायला हवंच होतं, आणि घरात दुसरं आहे कोण? माझी बायको एस्थर जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून ही माझी धाकटी विधवा बहीण माझं घर चालवते आणि मला टोमणे मारते, दोन्ही कामं सारख्याच निष्ठेने. वाटलं होतं, हसेल. हसली नाही. म्हणाली, "विकतची नेऊ नकोस, मास्तर. बाई दूध घेत नाहीत, अंडं नाही, मांस नाही, मासळी नाही. स्वतःच्या हाताने कर."

"मी?"

"मग काय मी? लग्न कोणाला करायचंय?"

३० जानेवारी, सोमवार

एकतीस वर्षं भूगोल शिकवला. कोकोचा पट्टा हिरव्या खडूने फळ्यावर काढला — पाऊस किती, माती कोणती, बंदर कुठलं, सगळं तोंडपाठ. त्या बीचं चॉकलेट कसं होतं ते मात्र आज अबाला विचारावं लागलं. तिलाही ठाऊक नव्हतं. बाजारातल्या कोको विकणाऱ्या बाईने सांगितलं: कोकोची पूड, खोबरेल तेल, दळलेली साखर, चिमूटभर मीठ. आत खोबऱ्याचा गोळा. बस्स.

मीठ कुठे असतं? ते शोधण्यात अर्धा तास गेला. अबा दारात उभी राहून बघत होती.

१ फेब्रुवारी, बुधवार

खोबरं खवलं. बोटाची सालं त्यात गेली. पहिला घाणा टाकून दिला.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

जमलं! बारा चॉकलेटं, फ्रिजमधून काढली तेव्हा चकचकीत. ताटलीत मांडून अंगणात आणली, अबाला हाक मारली. ती भांडं खाली ठेवून येईपर्यंत ताटलीत काळं डबकं, आणि त्यात खोबऱ्याचे बारा खडक.

"हे काय?"

"चॉकलेट."

"मला वाटलं द्वीपसमूहाचा नकाशा आहे."

खोबरेल तेल ते, आमच्या उन्हात कसं टिकणार? फ्रिजपासून माझ्या अंगणापर्यंत टिकलं नाही, क्रेंटसिलांच्या घरापर्यंत काय टिकेल. किनाऱ्याच्या रस्त्याने वीस मिनिटं आहेत.

४ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी बाई चर्चला जाताना दिसल्या. पांढरी टोपी. शनिवारच्या चर्चवाल्या त्या, मी रविवारचा. "गुड मॉर्निंग, मास्तर." मी म्हणालो, "गुड मॉर्निंग." एवढंच! अख्ख्या साल्टपाँडमध्ये, या कोळ्यांच्या गावात, मासळी न खाणारी ही एकच बाई आणि तिचा भाऊ तीन होड्यांचा मालक. दोन वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त होऊन भावाकडे राहायला आल्या. दोन वर्षं मी गुड मॉर्निंगच म्हणतोय.

६ फेब्रुवारी, सोमवार

कोको विकणारी म्हणाली, तेलात कोकोचं लोणी घाला, उन्हात टिकेल. ते बियांतूनच निघतं, गाईचा संबंध नाही. अबाच्या खोलीत त्याची बरणी होती, ती रोज अंगाला लावते. घेतली. विचारलं नाही. कशाला विचारायचं, सारखंच तर!

घट्ट झाली. सुरेख झाली. एक तोंडात टाकलं. अबाच्या बरणीत गुलाबाचं अत्तर होतं. संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडाला न्हाऊन आलेल्या नवरीचा वास येत होता. रात्री जेवताना अबा म्हणाली, "तुला विचारण्याची इतकी कसली लाज? माझी बरणी विचारून घेत नाहीस, त्या बाईंना काय विचारणार!" लागलं.

७ फेब्रुवारी, मंगळवार

बाजारातून बिनवासाचं लोणी आणलं. अबा म्हणते, चॉकलेट थंड होईस्तोवर चवळीचं कालवण कर. तिने करायला हवं! पण म्हणाली, "पाय दुखतात." केलं. खारट झालं. तिने दोनदा घेतलं.

९ फेब्रुवारी, गुरुवार

वीज गेली. चॉकलेटं गेली. फ्रिजच्या तळाशी काळी खाडी.

११ फेब्रुवारी, शनिवार

आज! पंधरा झाली. अंगणात दहा मिनिटं ठेवली, एकही वितळलं नाही. बाहेर कडक, आत खोबरं ओलसर, मिठाचा एक कण. मीच केलं यावर माझा विश्वास बसेना. एक खाल्लं आणि एकदम एस्थर आठवली. ती असती तर म्हणाली असती, कोबिना, तू आणि स्वयंपाकघर! ती रागावली नसती. रागावली असती का? नाही.

चौदा तारखेसाठी ताजा घाणा करायचा. उद्या नारळ फोडायचे.

१२ फेब्रुवारी, रविवार

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर माफ.

नारळ फोडायला अबा नेहमी कोयत्याची मागची बाजू वापरते. मी म्हटलं, त्यात शास्त्र आहे, नारळाला विषुववृत्त असतं, बरोबर तिथे एक घाव, दोन गोलार्ध. धारेने मारला. विषुववृत्त चुकलं. उजव्या तळव्यात सात टाके. दवाखान्यातली पोरगी माझी विद्यार्थिनी निघाली. टाके घालताना म्हणाली, "सर, तुम्ही आम्हाला सांगायचात, नकाशा आधी नीट बघा."

१३ फेब्रुवारी, सोमवार

एका हाताने घाणा केला. अबाने नुसतं पातेलं धरलं. सोळा झाली. डबा पुसला, आत केळीचं पान घातलं.

अबाने दहा वेळा पढवलं: "डाव्या हाताने देताना आधी म्हणायचं — डावा हात आहे, माफ करा. आधी! नंतर नाही!" हे मला शिकवते! मी काय परदेशातून आलोय?

१४ फेब्रुवारी, मंगळवार

मेलो.

उत्सवाचं कापड नेसलो, अंगभर गुंडाळून डाव्या खांद्यावर घेतात आणि उजवा हात मोकळा ठेवतात ते. हाताला एवढं मोठं पांढरं बँडेज, रुग्ण वाटलो असतो. मागणी घालायला जाणारा माणूस रुग्ण दिसून कसं चालेल? म्हणून हात कापडात लपवला. त्यासाठी कापड उलट्या खांद्यावर घेतलं. आरशात छान दिसत होतं. आरशात सगळं उलटंच दिसतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही! अबा शेजारी गेली होती, अडवायला कोणी नव्हतं.

मंगळवार म्हणजे समुद्रावर बंदी, त्या दिवशी आमच्याकडे कोणी मासे धरत नाही. क्रेंटसिलांच्या ओसरीवर बाईंचा भाऊ फिफी आणि त्याचे आठ-दहा नाखवे जाळी विणत बसलेले. बाई दारात आल्या. पिवळा पोशाख. माझ्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. माफ करा नाही, गुड मॉर्निंग नाही, काही नाही. मोकळा डावा हात उचलला आणि डबा पुढे केला.

जाळी विणणारे हात थांबले.

फिफी उठला. होडीवरचा आवाज त्याचा, लाटांवरून जाणारा. "कापड उलट्या खांद्यावर! उजवा हात गाडून ठेवलाय! आणि माझ्या बहिणीला डाव्या हाताने? भर दारात? मास्तर, द्यायला आलात की शाप घालायला?"

मी म्हणालो — काय म्हणालो देव जाणे. बाई म्हणाल्या, "फिफी, जरा थांब." तो थांबतोय होय! मी डबा उंबऱ्यावर ठेवला आणि पळालो. सहासष्ट वर्षांचा माणूस उत्सवाचं कापड गोळा करून किनाऱ्याने पळतोय! मागून नाखवे हसत होते. आता सगळं गाव हसेल, आणि बाई कधीच बोलणार नाहीत.

१५ फेब्रुवारी, बुधवार

अबा म्हणाली, "माफी मागायला घरातल्या मोठ्याने जायचं असतं. आपल्या घरात मोठा तूच आणि गुन्हेगारही तूच. मग मी जाते."

गेली. दोन तास लागले! आली ती धुतलेला रिकामा डबा घेऊन.

"बाईंनी खाल्ली?" मी.

"बाईंना दोन मिळाली. बाकी फिफीने. म्हणाला, अपमान मोठा आहे पण चवीला चांगला झालाय."

दंड ठरला: दर तिसऱ्या दिवशी एक डबा, फिफीचा राग उतरेपर्यंत. पोचवणार अबा. मी त्या दारात फिरकायचं नाही.

१८ फेब्रुवारी, शनिवार

पहिला दंड काल भरला. सूर्य बुडायच्या आत पोचवायचा होता, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून बाईंचा विसाव्याचा दिवस, काम बंद. फिफी म्हणतो, राग अजून आहे. अबा काल अंधार पडल्यावर घरी आली.

इथे रोज मीच रांधतोय. आज तांदूळ, भेंडीचं कालवण. एका हाताने भेंडी चिरून बघावी कोणी! अबा खाटेवर बसून हुकूम सोडते — मिरची कमी कर, झाकण ठेव, आता ढवळू नकोस. "तुझे पाय बरे होत नाहीत का?" म्हटलं. म्हणाली, "चालताना दुखत नाहीत. चुलीपाशी उभं राहिलं की दुखतात."

असला आजार आहे कुठे!

२० फेब्रुवारी, सोमवार

दुसरा दंड. फिफीचा राग तसाच. इतका रागीट माणूस मी पाहिला नाही. अबा म्हणते, त्याला समजावायला वेळ लागतो. तिने नवी चप्पल घेतलीय. चालून चालून जुनी झिजली म्हणे.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

टाके निघाले. आणि बाई आल्या!

स्वतः. एकट्या. सरळ स्वयंपाकघरात. मी कंबरेला अबाचं फडकं बांधून कोकोची पूड चाळत होतो, नाकावर पूड. पळायला दुसरं दार नव्हतं.

उजव्या हाताने — उजव्या! — एक चॉकलेट पुढे केलं आणि म्हणालो, "बाई, त्या दिवशी माफ करा."

"बँडेजचं मला रविवारीच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "दवाखान्यातली पोरगी आमच्या गल्लीत राहते. सगळ्या गावाला ठाऊक होतं."

"मग फिफी एवढा ओरडला का?"

"त्याला ओरडायला निमित्त हवं होतं."

कशाला, ते सांगितलं नाही. उभ्या उभ्या चॉकलेट खाल्लं. डोळे मिटून! मग म्हणाल्या, "खोबरं जरा जास्त भाजा. आणि त्या दिवशी काहीतरी विचारायला आला होतात ना?"

नाकावरची पूड पुसली. "हो. विचारू?"

"आज नको. आधी तुमच्या घरातला एक प्रश्न सुटू दे. मग विचारा. मी कुठे जात नाही."

घरातला कुठला प्रश्न? छपराचा? फ्रिजचा? अबाला विचारलं. ती एकदम भांडी घासायला लागली, पाय दुखत असून!

पण नाही म्हणाल्या नाहीत. नाही म्हणाल्या नाहीत!

२६ फेब्रुवारी, रविवार

खोबरं जास्त भाजलं. बाईंचं बरोबर होतं.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

दारावर थाप. फिफी, त्याचा काका, दोन नाखवे, मागे क्रेंटसिल बाई. हातात दारूच्या बाटल्या. वाटलं, राग उतरला, समेट करायला आले. खुर्च्या मांडल्या.

काका उठले. "तुमच्या बागेत आम्हाला एक फूल दिसलंय. न्यायची परवानगी मागायला आलोय."

माझ्या घरात फूल? मी इकडे तिकडे बघितलं. अबा नवं कापड नेसून आतून आली.

दोन वर्षं! दोन वर्षं फिफी तिला विचारतोय आणि ती त्याला थांब म्हणतेय. "मी गेले तर हा उपाशी मरेल, याला मीठ कुठे असतं ते माहीत नाही," म्हणायची, असं बाईंनी सांगितलं.

आमच्या कुळात मोठा मीच. मागणीच्या बाटल्या स्वीकारायच्या का, हे मुलीला तीनदा विचारायचं असतं. पहिल्यांदा विचारलं. हो म्हणाली. दुसऱ्यांदा विचारलं. हो म्हणाली. तिसऱ्यांदा माझं तोंडच उघडेना. मी नुसता तिच्याकडे बघत राहिलो.

एरवी मास्तर म्हणणारी अबा हळूच म्हणाली, "विचार ना रे, दादा."

विचारलं.