सातवं पान

३१, अल्मा स्ट्रीट,
हेल्डनशॉ, लँकेशायर
रविवार, १२ मे १९६८

प्रिय एडना,

तुझी बारा पानं मंगळवारच्या टपालाने मिळाली. पाकीट एका कडेला फाटलं होतं, पण आतली पानं शाबूत आणि क्रमाने होती. रॉनला नमस्कार, मुलांना माझ्याकडून एकेक पापा. तिकडे एप्रिलअखेरीपर्यंत बर्फ होता हे आईला सांगितलं. म्हणाली, "मग गेली कशाला तिथे?"

आम्ही बरे आहोत. आईचा गुडघा दुखतो, पण जिन्यापुढे हार मानत नाही. गिरणीतले कापड विणायचे निम्मे साचे बंद आहेत आणि भंगारवाला येऊन अंदाज घेऊन गेला. उरलेल्या साच्यांची देखभाल करणारा जॉबर मीच. समोरची बेसीमावशी हल्ली रोज दुपारी रस्ता ओलांडून आपल्याकडे येऊन बसते.

आता मुद्द्याचं. आईच्या सत्तरीचा समारंभ २२ जूनला चॅपेलच्या हॉलमध्ये आहे. तुला येता येणार नाही, म्हणून तुझ्या बालपणाच्या या आठवणी मी सगळ्यांसमोर वाचाव्यात, असं तू लिहितेस. वाचीन. पण सातवं पान वाचणार नाही. त्याचं पुढे लिहितो. आधी चुका.

शाळा मी चौदाव्या वर्षी सोडली आणि तुझ्यासारखं छान वळणदार मला लिहिता येत नाही, हे मान्य. पण सार्वजनिक वाचनालयातलं युद्धाचं कपाट मी वरपासून खालपर्यंत संपवलं आहे, आणि त्या काळाचं काही अडलं की ग्रंथपालबाई मलाच विचारतात. तेव्हा राग मानू नकोस.

पान एक. व्हिट्सन सणाच्या मिरवणुकीत तू चॅपेलच्या झेंड्याची पांढरी रिबन धरली होतीस, असं लिहिलंयस. रिबन निळी होती. पांढऱ्या रिबनी पुढच्या दोन मुलींकडे होत्या आणि त्यावरून तू आदल्या रात्री रडली होतीस. नवा फ्रॉक दाखवायला घरोघर गेलीस ते बरोबर आहे. पण बेसीमावशीने खिशात पेनी टाकताना काय म्हटलं ते राहिलं. म्हणाली होती, "फ्रॉक झकास आहे गं, आता आत कोण आहे ते वळून दाखव." तू वळलीस आणि पेनी रस्त्यावर पडली. हे घाल. लोक हसतील.

पान तीन. गॅसचे मुखवटे आपल्याला १९३९ मध्ये नव्हे, १९३८च्या सप्टेंबरात मिळाले. युद्ध वर्षभर लांब होतं. आणि ते पुठ्ठ्याच्या खोक्यात होते. पत्र्याचे डबे पुढे दुकानांत आले, ते ज्यांना परवडत त्यांनी घेतले. आपण त्यातले नव्हतो. मिस पिलिंग मुखवटे घालून पाढे म्हणायला लावत आणि "कुणीतरी" रबरातून फुंकर मारून घाणेरडा आवाज काढला, असं तू मोघम लिहिलंयस. पहिला आवाज मोठ्यांच्या वर्गातून, माझ्या बाकावरून आला. नोंद असू दे.

पान चार. १९४१चा व्हिट्सनचा फ्रॉक रेशनच्या कुपनांवर घेतला, हे अशक्य आहे. कपड्यांची कुपनं व्हिट्सनच्याच रविवारी सकाळी रेडिओवर जाहीर झाली. तेव्हा तू नवा फ्रॉक घालून दारात उभी होतीस. बेसीमावशी म्हणाली, "बघ हॅना, तुझी पोर सरकारच्या एक पाऊल पुढे." आईने तो फ्रॉक शिवताना खाली हातभर दुमड ठेवली होती. हातभर हा तुझा शब्द. मी म्हणेन चार बोटं.

पान पाच चांगलं उतरलंय. तेवढ्यावर फार खुणा केल्या नाहीत. बाबा सैन्यात, इजिप्तमध्ये, मी रात्री गिरणीच्या छपरावर आगीच्या पहाऱ्याला, आणि घरात तुम्ही दोघी. साच्यांच्या खडखडाटाने आईचे कान तेव्हाच निम्मे गेलेले. हवाई हल्ल्याचा भोंगा झाला तरी तिला जाग यायची नाही. म्हणून रात्री नाडीचं एक टोक तुझ्या मनगटाला, दुसरं तिच्या. भोंगा झाला की तू ओढायचीस आणि दोघी जिन्याखालच्या कोनाड्यात जायच्यात. तू "दोरी" लिहिलंयस. गिरणीतली नाडी होती ती, मीच आणून दिली होती. "मी आईचे कान होते," हे वाक्य मात्र जसंच्या तसं राहू दे. मला असं वाक्य सुचलं नसतं.

पान सहा. १९४०च्या डिसेंबरात बॉम्बहल्ल्यात मँचेस्टर जळताना क्षितिज लाल दिसलं ते बरोबर. शाळेत दुसऱ्या दिवशी बाईंनी त्यावर काही न बोलता भूगोल शिकवला, तेही बरोबर.

आता पान सात.

तू लिहितेस: १९४१च्या जुलैत, तू अकरा वर्षांची असताना, मुलींच्या मोठ्या शाळेत तुला विनाशुल्क जागा मिळाली. शाळा दूर म्हणून सोमवार ते शुक्रवार आत्याकडे राहावं लागणार होतं. तू आनंदाने पळत घरी आलीस. आई खिडकीशी उभी होती आणि समोरच्या खिडकीतल्या बेसीमावशीशी ओठांनी बोलत होती, जशा आपल्याकडच्या सगळ्या गिरणीतल्या बायका बोलतात. कारण साचेखात्यात आवाज ऐकूच येत नाही, आणि तीच सवय घरी येते. तूही ते पाळण्यातच शिकलीस. तू रस्त्यात उभी राहून आईच्या ओठांवरून वाचलंस: "मी नाही तिला पाठवणार. चौदाची झाली की गिरणीत घालीन." तुझ्या तोंडावर तिने तीन दिवसांनी सांगितलं. पण तुला ते आधीच कळलं होतं. आणि तू लिहितेस, "त्या दिवसानंतर मी आईच्या ओठांकडे पाहिलं नाही."

हे मी हॉलमध्ये का वाचणार नाही, असं विचारशील. आईला लाज वाटेल म्हणून नव्हे. खरं असेल ते वाचलं पाहिजे, हे मी जन्मभर म्हणत आलोय. पण पडताळा न घेता मी काही वाचत नाही. म्हणून साक्षीदार गाठले.

आधी बेसीमावशी. ती म्हणाली, "बोलली होती ना. मीच तर समोर होते. मी तिला म्हटलं, हॅना, पोरीला डोकं आहे. तर म्हणाली, असू दे, ते माझ्या उशीशेजारी असू दे."

मग आई. तिला नुसतं वाचून दाखवून उपयोग नाही, हे तुझ्या लक्षात नसेल. तू परदेशी गेलीस तेव्हा तिला थोडंसं ऐकू यायचं. आता काहीच येत नाही. समारंभाच्या दिवशी ट्रंक कॉल करीन म्हणतेस. तिच्या कानाला फोन म्हणजे दगड. तिला चेहरा लागतो. आणि माझ्या चेहऱ्यावर गेली वीस वर्षं मिशी होती. ती खालच्या ओठापर्यंत यायची. आई रोज टोमणे मारायची, "दाराच्या ब्रशशी बोलतेय मी." तर गुरुवारी कामावरून येताना न्हाव्याकडे गेलो आणि काढून टाकली.

तिने दारातच पाहिलं. "मेल्या, थेट बापासारखा दिसतोस. इतके दिवस लपवलंस कशाला?"

स्वयंपाकघरात तिच्यासमोर बसलो आणि सातवं पान ओठांनी वाचलं, सावकाश, एकेक शब्द. ती माझ्या तोंडाच्या अगदी जवळ वाकून बघत होती. एकदाच थांबवलं. "ते गिरणीचं परत म्हण."

परत म्हटलं.

"बरोबर आहे. तसंच म्हणाले होते. शब्द न् शब्द."

"कारण काय होतं?"

"होतं."

"मग सांग ना. मी एडनाला कळवतो."

"तू पोस्टमन कधीपासून झालास?" ती म्हणाली. "तिने ते माझ्या ओठांवरून उचललं. उरलेलं पण तिथूनच उचलू दे." आणि डोळे मिटून घेतले. आईने डोळे मिटले की बोलणं संपलं. मग छातीवर हात आपटून घेतलेस तरी ते तिच्यापर्यंत जात नाही.

मला माझा एक तर्क आहे. पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून लिहीत नाही. एवढंच सांगतो की पाचवं पान आणि सातवं पान यांच्यामध्ये तू एक अख्खं पान घातलंयस. ते सहावं बाजूला ठेवून उरलेली दोन एकदा सलग वाच.

इथपर्यंत लिहून चहा करायला उठलो होतो. पुढचं लिहू नये असं आईने बजावलंय. "कीव आली म्हणून येणार असेल तर नको," असं तिचं म्हणणं. मी चाळीस वर्षं तिचं ऐकलं. आज ऐकत नाही.

वर लिहिलं की बेसीमावशी रोज रस्ता ओलांडून येते. त्या दोघी जन्मभर आपापल्या खिडकीतून बोलत आल्या. ओलांडण्याची गरज कधी पडली नव्हती. फेब्रुवारीत बेसीमावशीचा भाऊ वारला. तिने खिडकीतून आईला सांगितलं. आई हसली, हात हलवला आणि म्हणाली, "छान झालं हो." बेसीमावशी तशीच सपाता घालून, थंडीत, आपल्या दारात आली. मला म्हणाली, "क्लिफर्ड, तुझी आई माझ्यावर कशावरून रागावली असेल तर सांग. पण अशी थट्टा नको." आई माझ्या मागे उभी राहून विचारत होती, "का रडतेय ही? काय झालं?"

दुसऱ्या दिवशी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. हा आतला पडदाच झिजतोय. त्यावर औषध नाही, चष्म्याने काही होत नाही. मध्यभाग आधी जातो. म्हणजे भिंती, दार, जिना दिसत राहतील, पण समोरच्या माणसाचा चेहरा पुसट होत जाईल. मी डॉक्टरांना नेमकं विचारलं, कारण "हळूहळू" या शब्दाला काही अर्थ नसतो. त्यांनी सांगितलं, नाताळपर्यंत फार तर. सध्या हातभर अंतरावरून, चांगल्या उजेडात, तिला ओठ वाचता येतात. कान गेलेत, आणि ऐकणं सगळं डोळ्यांवर आहे. ते गेलं की तिच्याशी बोलायची वाटच राहत नाही. पुढच्या वर्षी मुलांच्या सुटीत बघू, असं तू लिहितेस. पुढच्या वर्षी तू तिला दारात दिसशील, पण कोण आहेस ते तुझ्या हाताला धरून तिला ओळखावं लागेल. मग तू काहीही विचार.

बाकीची अकरा पानं दुरुस्त करून माझ्याकडे ठेवली आहेत. सातवं या पाकिटात परत पाठवतोय. त्यात एकही चूक सापडली नाही. ते मी वाचणं बरोबर होणार नाही. तूच घेऊन ये. हॉलमध्ये नको, घरी वाच, तिच्यासमोर बसून. राग असेल तर रागाने वाच. तिला ते चालेल. ती मोठ्या आवाजाला भीत नाही, तिला तो ऐकूच येत नाही. मग ती सांगेल ते बघ. मी त्या वेळी गिरणीत असेन. मुद्दाम पाळी तशीच मागून घेईन.

आईची खुर्ची खिडकीला पाठ करून ठेवली आहे. समोरची तुझी. दुपारी दोननंतर उजेड थेट तिथे बसणाऱ्याच्या चेहऱ्यावर पडतो. मी स्वतः बसून बघितलं.

ये.

क्लिफर्ड