कुणालचा घोटा आणि बांधाकडचा खड्डा

दिघाशी, शनिवार

केसरीनाथा,

तुझा पोरगा तीन दिवस माझ्या ओटीवर खाटेत पाय वर करून पडलाय आणि मागतोय काय, तर बरफ! (मच्छीवालीकडून आणला, तर म्हणतो वास येतो.) आशीर्वाद खाली लिहिते, आधी हे वाच. तुझी शुगर आणि भावजयीची कंबर बरी असेल असं धरून चालते.

मी मागितलं काय होतं? आमच्या मृणालीची पोलीस भरती वीस दिवसांवर आली. रस्त्यावर गोडाऊनचे ट्रक, म्हणून पोरगी तुझ्या-माझ्या बाबांच्या शेतात पळते, तिला एक बूटजोड घेऊन दे. तू बूट ठेवून घेतलेस आणि पोरगा पाठवलास. म्हणे कोच! काल्हेरच्या जिममध्ये दंड फुगले म्हणजे भात कापलेल्या शेतात पळता येतं काय? खाली धसकटं, म्हशींच्या खुरांचे खळगे सुकून दगड झालेले. ह्याने सायबर कॅफेतनं कागद आणलेला, घोटा कसा सांभाळावा. पावलं आखूड टाका. पायाकडं नको, चार पावलं पुढं बघा. रोज सांजेला एका पायावर उभं राहा, घोटा मजबूत होतो. (दोघं खळ्यात बगळ्यासारखी उभी, आणि अख्खी आळी बघायला.) डोक्यावर मोळी घेऊन रोज डोंगर उतरणारी आपली कमळी हसून हसून मेली. तिचा घोटा जन्मात मुरगळला न्हाय, आणि तिच्याकडं कागद पण न्हाय.

मग मंगळवारी ह्या शहाण्याने खळगे लांबून दिसावेत म्हणून एकेका खळग्याशी चुना टाकला. अरे, आपल्या भिवंडीत शेतात चुना पडला तर लोक काय समजणार? तासाभरात चुलतभाऊ बाळाराम सात-बारा घेऊन दारात. "केसरीनाथने मोजणी लावली, गोडाऊन बांधतोय, आन् आमाला सांगितला पन न्हाय?" मी त्याला हाकलला. म्हटलं, मूर्खा, पोरीचे घोटे वाचवायला टाकलाय चुना. ऐकतो कोण!

बुधवारी सकाळी कुणाल पुढं, मृणाली मागं. चार पावलं पुढं बघत बघत हा बांधाकडच्या खड्ड्यात गेला. तो खड्डा सोमवारी नव्हता. त्याला चुना नव्हता, आणि कागदात पण तो लिहिलेला नव्हता. घोटा फणस झालाय. मृणालीने त्याला पाठीवर घेऊन घरी आणला, म्हणजे तयारी तिचीच झाली. खड्डा खणणाऱ्या त्या बाळारामाचे हात झडोत.

सगळ्यांना आशीर्वाद.

तुझी,
आक्का

ता.क. मृणालीला बूट सहा नंबरचे. सध्या कुणालच्या नऊ नंबरात चिंध्या कोंबून पळते. असंच चाललं तर तिचाही घोटा जाईल आणि भरतीही.

आणखी ता.क. बाळारामाचे हात राहू देत. खड्डा मी खणला. चुना बघून मलाही वाटलं, तू पोराला मोजणीलाच पाठवलास. बाबांनी पुरलेला हद्दीचा दगड जागेवर हाय का, ते मंगळवारी दुपारी पहारीने खणून बघितलं (हाय) आणि बुजवायचं राहिलं. कुणालला हे सांगू नको, हळद मीच लावते रोज. पण आता विचारतेच. सात-बाऱ्यावर माझंही नाव हाय. शेत विकायचं तुझ्या मनात हाय का न्हाय? फोन करू नको, फोनवर तुला नेमकी रेंज नसते. लिहून पाठव. तोवर मृणाली तिथंच पळेल आणि तुझा पोरगा माझ्याच खाटेवर राहील. गुरुवारच्या आत उत्तर पाहिजे.