दुहेरी शिवणीचा पट्टा

मी, कार्लाइल फॅरो, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार हॅटरस बेट, उत्तर कॅरोलायना, पूर्वीचा धंदा मासेमारी व जाळ्यांची दुरुस्ती, सध्याचा धंदा काही नाही, आज स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. हृदयाबद्दल त्यांनी तसे काही लिहून दिले नाही. मला कोणी फूस लावलेली नाही की धाक घातलेला नाही. १९७९ साली केलेले माझे आधीचे मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात एक मोठी गोष्ट खोटी होती.

कलम १. माझ्या गळाच्या चारही काठ्या, त्यांच्या फिरक्या, वाळूत रोवायच्या नळ्या आणि पत्र्याचे चमकते खोटे मासे माझी मुलगी कोरिन हिला मिळावेत. किनाऱ्यावर उभे राहून तिच्याइतका लांब गळ फेकणारा पुरुष या बेटावर नाही. असल्यास त्याने पुढे यावे. तारेचे तुकडे वेगळ्या डब्यात आहेत. ब्लूफिशच्या दातांपुढे नुसती दोरी टिकत नाही, हे तिला मी सांगायला नको. मासा धरल्याबरोबर त्याचे रक्त काढून तो बर्फात घालावा, हेही सांगायला नको, तरी सांगतो. धुरी देण्याची पेटी तिचीच. बँकेत जे असेल तेही तिचेच.

कलम २. माझा शेजारी रूफस ग्रे याला मी काहीही देत नाही. अकरा वर्षे तो दक्षिण टोकाला माझ्या जागेवर उभा राहून माझ्या दोरीत त्याची दोरी गुंतवत आला आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये, असे वकिलाने सांगितले, म्हणून मी मुद्दाम त्यालाच साक्षीदार केले. मात्र खाली सांगितलेल्या दिवशी कमरेला दोर बांधून पाण्यात सर्वांत आधी शिरला तो रूफसच. त्याची आठवण मी ठेवली आहे.

कलम ३. माझे राहते घर, त्याखालची व भोवतालची जमीन, विहीर आणि सामानासह सर्व काही नोला हिला द्यावे. नोला ही माझा मुलगा वेंडेल याची विधवा. तिने पुढे दुसरे लग्न केले, त्याने या कलमात काही फरक पडत नाही. घर परक्या बाईला का दिले, असे लोक विचारतील. त्याचे कारण मी येथे पूर्ण लिहितो.

१९७४ च्या नोव्हेंबरात, ईशान्येचा वारा सुटला असताना, सकाळी आठच्या सुमारास ब्लूफिश किनाऱ्याला लागले. मोठे, पंधरा पंधरा पौंडांचे. त्यांनी बोई माशांच्या झुंडी अशा रेटल्या होत्या की बोई उड्या मारून कोरड्या वाळूवर पडत होत्या, आणि वर कुरव पक्ष्यांचा नुसता कल्लोळ. वेंडेल आणि मी ट्रकमधून उतरलो. छातीपर्यंतचे रबरी बूट चढवताना माझ्या कमरपट्ट्याचे बक्कल तुटले. त्या बुटांवर पट्टा घट्ट आवळायचाच असतो. नाहीतर लाट आत शिरते आणि बूट भरतात. वेंडेलचा पट्टा सीटवर पडला होता. शिवण उसवली म्हणून त्याने तो नोलाला दिला होता आणि तिने आदल्या दिवशीच दुहेरी टाके घालून परत दिला होता. तो मी उचलला, बांधला आणि वर अंगरखा घातला.

वेंडेल काठी घेऊन पाण्याकडे निघालाच होता. तो वळून ओरडला, "बाबा, माझा पट्टा कुठंय?"

मी म्हणालो, "अरे पट्ट्याचं काय घेऊन बसलास? मासे निघून जातील! चल!"

तो हसला आणि गेला. चोवीस वर्षांचा होता.

तो बाहेरच्या दांड्यावर, म्हणजे पाण्याखालच्या वाळूच्या उंचवट्यावर, जाऊन उभा राहिला. मी त्याच्या डावीकडे, साठ पावलांवर. माझ्या गळाला मासा लागला, जड होता. वेंडेलने हाक मारली ती मी ऐकली. मला वाटले, त्यालाही लागला असेल, दाखवत असेल. मी मान वळवली नाही. मासा आत घेतला आणि मग वळलो, तर दांड्यावर कोणी नव्हते. पुढे खोलगटात त्याची टोपी तरंगत होती.

रूफस आणि आणखी तिघांना त्याला बाहेर काढायला पाऊण तास लागला. बुटांत पाणी गच्च भरले होते. कोणीतरी म्हणाले, "याच्या कमरेला पट्टा नाही." तेव्हा तो पट्टा माझ्या अंगरख्याखाली होता. मी ट्रकपाशी गेलो, तो सोडला आणि सीटखाली खुपसला.

त्या दुपारी आमच्या स्वयंपाकघरात शेजारच्या बायका जेवणाची भांडी घेऊन आल्या होत्या. माझी बायको आयव्हा हिने त्या सर्वांसमोर नोलाला विचारले, "तू शिवला होतास ना तो पट्टा?"

"शिवला होता, आई. दुहेरी शिवला होता."

"मग माझ्या पोराच्या कमरेवरून गेला कुठं? तुझी शिवण उसवली, पोरी. दोन टाके नीट घालता आले नाहीत तुला!"

नोलाने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. दीड महिन्याने ती एक बॅग घेऊन बेट सोडून गेली. तिला पुलापर्यंत सोडायलाही मी गेलो नाही. १९७९ च्या मृत्युपत्रातही मी शिवण उसवल्याचेच लिहिले.

आयव्हा १९८६ साली वारली. शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली, "मी सगळ्यांना माफ केलं, कार्लाइल. त्या पोरीला सोडून." तेव्हाही मला सांगता आले असते. मी तिच्या अंगावरचे पांघरूण सारखे केले.

यंदा सप्टेंबरात डॉक्टरांनी माझ्या हृदयाबद्दल सांगितले. त्यानंतर मी ट्रक काढला आणि नोला राहते त्या गावी, चार तासांवर, गेलो. दार तिनेच उघडले. केस पांढरे व्हायला लागलेत तिचे.

"बाबा? कोण गेलं?"

"कोणी नाही. बसू का जरा?"

तिच्या स्वयंपाकघरात बसून मी सगळे सांगितले आणि पट्टा टेबलावर ठेवला. तिने तो उलटा करून टाके पाहिले. एकही टाका सुटलेला नव्हता. बराच वेळ ती त्यावरून नुसता अंगठा फिरवत होती.

मग म्हणाली, "मी घरात बटणसुद्धा लावत नाही, बाबा. सतरा वर्षं झाली. पोरांच्या शर्टाचं बटण तुटलं तर शेजारणीकडे पाठवते. नवऱ्याला वाटतं, आळशी आहे."

मी म्हणालो, "घर तुझ्या नावावर करतोय."

"मला तुमचं घर नको. आणि हे मला एकटीला सांगून काय उपयोग? ज्यांच्यासमोर मला विचारलं, त्यांना सांगा. आणि मेल्यावर वाचायचं म्हणून कागदात दडवून ठेवू नका. तोंडाने सांगा. जिवंतपणी."

म्हणून गेल्या महिन्यात, चर्चच्या सभागृहातल्या शनिवारच्या जेवणात, तळलेल्या माशांची ताटे वाढून झाल्यावर मी उभा राहिलो आणि सांगितले. त्या दिवशीच्या बायकांपैकी पाच हयात आहेत. पाचही तिथे होत्या. एकीने ताट सरकवले आणि ती उठून गेली. रूफस तेवढा म्हणाला, "खाली बस, कार्लाइल. पडशील." तेव्हापासून दुकानात माणसे माझ्याशी हवेबद्दलसुद्धा बोलत नाहीत. माझी तक्रार नाही.

कोरिन तीन आठवडे माझ्याकडे फिरकली नाही. मग आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "घर तिलाच द्या. मला त्यात झोप लागायची नाही." आत मात्र आली नाही. तिच्या संमतीने हे कलम केले आहे.

नोलाने घर घेण्यास नकार दिल्यास ते विकून येणारी रक्कम तिच्या दोन मुलांना द्यावी. त्यांनाही ती नको असल्यास घर न विकता पाडावे. त्यात कोणी राहू नये.

कलम ४. दफनाबाबत. आमच्या कुटुंबाच्या दफनभूमीत वेंडेलच्या एका बाजूला आयव्हा आहे. दुसऱ्या बाजूची जागा मी स्वतःसाठी राखली होती. ती मी सोडतो. मला मागच्या कुंपणापाशी पुरावे. दगडावर नाव आणि सन, एवढेच. ती जागा मी नोलाला देऊ केली, तेव्हा तिने फोनवर सांगितले, "मला नवरा आहे, बाबा. दोन मुलं आहेत. मी तिथे यायची नाही."

मी म्हणालो, "बरं."

तिने फोन ठेवला नाही. मग म्हणाली, "पण ती दुसऱ्या कोणाला देऊ नका."

तरी माझ्या वारसांनी ती जागा कायम मोकळी ठेवावी आणि तिथले गवत वरचेवर कापावे.

वर लिहिलेले सर्व मी वाचून, समजून, खालील दोघांच्या देखत सही केली आहे.

(सही) कार्लाइल फॅरो

साक्षीदार:
१. रूफस ग्रे, शेजारी
२. ल्युसिंडा ओनील, टपाल कार्यालय

ठिकाण: हॅटरस बेट
दिनांक: ९ डिसेंबर १९९१