बिल्ल्यांची जोडवी

अण्णा, आज हॉलंडातल्या एका शाळेत तुमची क्लॅरनेट वाजली. तुमची म्हणजे तुम्ही फुंकलेली नव्हे, ती तर तुमच्यामागं कुणी नेली ते आम्हाला कळलंच नाही, पण अगदी तसलीच, वरातीतली, काळजात कळ काढणारी. गोऱ्या पोरांनी ऐकली, त्यांच्या बाईंनी ऐकली आणि मी सगळ्यात मागं बसून ऐकली. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला आज जेवण जायचं नाही, म्हणून लिहायला बसलेय. क्रमानं सांगायला मला कधी जमलं नाही. तुम्हीच म्हणायचा, ही पोरगी बाजाराला निघते आणि आधी चार घरी पाणी पिऊन येते. कागद पाठकोरा घेतलाय. मागच्या अंगाला एका केसाळ माणसाचं तोंड छापलंय, त्याचा एक डोळा शाईत बुडाला म्हणून नातीनं टाकून दिला होता. ह्या माणसाचंही सांगायचंय, त्याच्यामुळंच तर सगळं झालं.

मी तीन महिन्यांसाठी मुलाकडं आलेय, आइंडहोवनला. तुमचा नातू इथं कसल्याशा मशिनी बनवणाऱ्या कंपनीत इंजिनेर आहे. त्यानं मला मशीन काय करतं ते दोनदा समजावलं आणि दोन्ही वेळा मी हो म्हटलं. त्याची मुलगी, म्हणजे तुमची पणती, दहा वर्षांची आहे. माझं मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र बहुतेक इंग्रजीत येतं, आणि राग आला की डचमध्ये. इथल्या शाळेत एक रीत आहे. प्रत्येक पोरानं वर्षातून एकदा फळ्यापुढं उभं राहून आपल्या आवडीच्या विषयावर बोलायचं, वस्तू दाखवायच्या, मग बाकीची पोरं प्रश्न विचारणार. त्याला स्प्रेकब्यूर्ट म्हणतात. गेल्या वर्षी आमची पोरगी सशावर बोलायला उभी राहिली आणि दुसऱ्याच वाक्याला अडली. उभीच राहिली. शेवटी बाईंनी हात धरून जागेवर बसवलं. तेव्हापासून वर्गात ती हात वर करत नाही, असं सून म्हणाली. यंदा पोरीनं विषय घेतला होता एका विलायती बँडचा.

बँड म्हटल्यावर मी कान टवकारले. पण ह्यांचा बँड वेगळा. चौघंच जण, मागच्या अंगाचा केसाळ त्यांतलाच, तिघांच्या हातात गिटारी आणि एक मागं ढोल घेऊन बसलेला. जुना आहे, माझ्या तरुणपणातला, आणि चारातले दोघंच आता राहिलेत. पोरीनं त्यांची गाणी थोडी नि मानसन्मान फार असं गोळा केलं होतं, कारण तिला बक्षिसांचं भारी वेड. शाळेतून आली की मला सोफ्यावर बसवायची आणि फळ्यापुढं बोलल्यासारखी डचमध्ये बोलायची, मग मी विचारलं की मोडक्या मराठीत सांगायची. अण्णा, काय काय मिळालंय त्या लोकांना! सोन्याच्या तबकड्या भिंतीवर टांगलेल्या. राणीनं चौघांनाही वाड्यावर बोलावून छातीला बिल्ले लावले, आणि गाणारांना आमच्यासारखा बिल्ला कसा, म्हणून काही म्हाताऱ्या लढवय्यांनी आपले बिल्ले रागानं परत धाडले. पुढं चौघांतल्याच एकानं आपला परत केला, त्याचं कारण निराळं, ते मला कळलं नाही. आता हयात असलेल्या दोघांना पुढं ‘सर’ असा किताबही दिला. त्यासाठी गुडघा टेकून बसायचं आणि खांद्याला तलवार लावून घ्यायची. मी म्हटलं, दसऱ्याला आपण शस्त्र पुजतो, ह्यांच्यात शस्त्रच माणसाला पुजतं. त्यांच्या तोंडाची पोस्टाची तिकिटं निघालीत. आणि अमेरिकेत एका रस्त्यावर फरशीत चांदणी बसवून तिच्यात त्यांचं नाव कोरलंय, त्यावरून लोक चालतात. ते ऐकून मी ताडकन उभीच राहिले. नावावर पाय? पोरगी म्हणाली, आजी, इट्स अ बिग ऑनर. असेल बाई. आपल्याकडं चुकून कागदाला पाय लागला तर आपण हात लावून डोळ्याला लावतो.

मग मी तिला तुमचं सांगितलं. तिला पणजोबा म्हणजे नुसता शब्द होता. तुमचा लाल कोट सांगितला, खांद्यावर पिवळी झालर, आणि छातीवर तीन चांदीचे बिल्ले. एक गणपतीच्या मंडळाचा, एक गुळाच्या व्यापाऱ्यानं दिलेला आणि एक दसऱ्याच्या मिरवणुकीत चार गावच्या बँडांत पहिले आलात त्याचा. आई ते राखेनं घासायची आणि तुम्ही ओरडायचा, की अक्षरं झिजतील. तुमच्या ढोलवाल्याचं आणि ट्रंपेटवाल्याचं भांडण सांगितलं, सहा महिने बोलत नव्हते पण ताल चुकला नाही. ती म्हणाली, आमच्या बँडचंही भांडण झालं होतं. म्हणजे बघा, सगळीकडं तेच.

बिल्ले कुठं आहेत, असं तिनं विचारलं. मी पिशवीतून रुमाल काढला, आत माझी जोडवी. आपल्यात जोडवी माहेरची. माझ्या लग्नात तुम्ही मुलीचे बाप, डोक्याला फेटा, हातात अक्षता, आणि नवऱ्याकडच्यांनी आणलेला बँड असा बेसूर की तुमची बोटं उपरण्याखाली आपोआप हलत होती. आई दातओठ खात कुजबुजली, "आज तुम्ही बाप आहात, बँडमास्तर नाही. उठलात तर बघा." आणि उठलातच. त्या पोराच्या हातातली क्लॅरनेट घेतलीत, वऱ्हाड उभंच राहिलं, सासरे तोंड वाकडं करायला गेले नि मान डोलवायला लागले. दुसऱ्या दिवशी निघताना मी तुमच्या खुंटीवरच्या कोटाला डोकं टेकलं, तर छातीवर नुसती टाचणीची भोकं. मी माझ्या पायांतल्या नव्या चांदीच्या जोडव्यांकडं बघितलं. तुम्ही चिलीम शोधायचं सोंग करत म्हणालात, "छातीवर नुसते लटकून होते गं. आता वाजतील तरी." तुम्ही शोधत होतात ती जागा मला अजून दिसते, तुळशीमागची, आणि चिलीम तुमच्या खिशातच.

हे गेले तेव्हा शेजारणींनी माझ्या पायातनं जोडवी काढली. रीतच ती. पण जिथं जाते तिथं रुमालात बांधून बरोबर असतात, विमानातसुद्धा. पोरीला वाटलं ही आपण शाळेत न्यावी. तर मुलगा म्हणाला, "आई, तिला गोंधळात टाकू नकोस. तो बँड वेगळा, आपला वेगळा. वर्गात पोरं हसली तर ही परत गप्प होईल." त्याचंही खरं होतं. बापाचा जीव आहे. पण मी त्याला टोमणा मारलाच, की ऑफिसात आजोबा म्युझिशियन होते म्हणून सांगतोस, बँडवाले होते म्हणायला जीभ अडते का? तो नुसता हसला.

काल संध्याकाळी पोरगी माझ्याजवळ येऊन बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आजी, व्हॉट इफ आय स्टॉप अगेन?" मला इंग्रजी येत नाही, पण एवढं कुणालाही आलं असतं. मी तिला तुमचंच सांगितलं, तुम्ही नव्या पोरांना सांगायचा ते. सुरू करायच्या आधी डावा पाय दोनदा आपटायचा, म्हणजे धरती आपल्या बाजूची होते. आणि पहिला सूर घसरला तर थांबायचं नाही. दुसरा इतक्या ताठ मानेनं वाजवायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, पहिला मुद्दामच तसा होता. तिनं ते दोनदा म्हणून घेतलं, तिच्या बोबड्या मराठीत.

आज आजी-आजोबांना यायची मुभा होती, म्हणून मीही गेले. ती सायकलवर, मी सुनेबरोबर बसनं. बसायला एवढीशी खुर्ची, माझे गुडघे हनुवटीला. पोरगी पुढं उभी राहिली, पांढरी फटक. आधी बँडचं गाणं लावायचं ठरलं होतं, घरचा टॅब त्या मोठ्या पडद्याला जोडला होता. तिनं बटण दाबलं आणि अण्णा, वर्गभर वरात सुरू झाली. दुपारी घरी कुणी नसलं की मी त्याच टॅबवर आपल्याकडच्या वराती ऐकते, काल ऐकता ऐकता तशीच सोडून दिली होती. ढोल, झांजा आणि वरून क्लॅरनेट, खिडक्यांच्या काचा थरथरल्या. पोरं आ वासून बघतायत. पोरीचं तोंड लाल झालं, बोट बटणावरच राहिलं. सुनेनं माझा हात दाबला, मी देवाला हात जोडायचेही विसरले. पोरीनं माझ्याकडं बघितलं. आणि तिनं डावा पाय आपटला. परत आपटला. मग हात वर करून गाणं थांबवलं आणि मोठ्यानं काहीतरी बोलली, तसा सगळा वर्ग हसून टाळ्या वाजवायला लागला. सुनेनं मला कानात सांगितलं, ती म्हणाली, "हा माझ्या पणजोबांसारखा बँड आहे. ह्यांना राणीनं बोलावलं नाही. आता ज्यांना बोलावलं त्यांचं सांगते."

मग काय, थांबलीच नाही. राणी, तलवार, तिकिटं, फरशीतली चांदणी, सगळं. मला डच कळत नाही पण रोज ऐकून चाल पाठ झालीय, कुठं श्वास घेणार ते मला आधी कळत होतं. संपल्यावर एका पिवळ्या केसांच्या पोरीनं प्रश्न विचारला आणि सगळे मागं वळून माझ्याकडं बघायला लागले. तुझ्या पणजोबांना काही मिळालं का, असं विचारलं होतं तिनं. नात माझ्याकडं बघतेय. मी रुमाल सोडला आणि पुढं जाऊन जोडवी नातीच्या हातावर ठेवली. तिनं ती पुढं पाठवली, आणि अण्णा, त्या पोरांनी काय करावं, प्रत्येकानं ती हाताच्या बोटांत घातली. कुणी अंगठ्यात घातली, एकानं तर ओठाला लावली. पायातला दागिना हातात, मला कसंसंच झालं, आई असती तर घेरी येऊन पडली असती. पण मग वाटलं, त्यांच्यात नावावरून चालणं हा मान आहे, तर पायातलं बोटात आलं तर काय बिघडलं. शेवटी पोरं चांगलं काय नि सुधारायचं काय ते सांगतात. एका पोराची सूचना एवढीच, की सुरुवातीचं गाणं अजून थोडं वाजवायला हवं होतं. बाईंनी ते लिहून घेतलं.

मुलगा कामावरून आला, पोरीनं त्याला दारातच सगळं सांगितलं, पाय आपटून दाखवला. तो बूट काढता काढता थांबला. मग म्हणाला, "लाव बघू ती वरात." लावली. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ऐकत होता, आणि त्याची बोटं मांडीवर हलत होती. त्याला माहीत नाही, तुमचीही तशीच हलायची. मी सांगितलं नाही, उगाच थांबला असता.

हे पत्र धाडायला तुमचा पत्ता नाही, आणि कागद मागच्या केसाळ बाबासकट नातीच्या कपाटात जाईल. एक मात्र तुम्हाला सांगते, आईच्या कानावर घालू नका. शाळेतून आल्यावर मी मोजे घालायला बसले आणि जोडवी परत रुमालात बांधायच्या ऐवजी पायात घातली. विधवेनं घालू नयेत, मला ठाऊक आहे. पण ते सौभाग्याचं झालं, आणि हे तुमचे बिल्ले आहेत. वरून लोकरीचे मोजे घातलेत, कुणाला दिसत नाहीत. आत्ता लिहिता लिहिता टेबलाखाली डावा पाय दोनदा आपटून बघितला. मोजा जाड आहे, तरी वाजलं.