स्विमिंग पूलची किल्ली

उत्कर्षा,

स्विमिंग पूलच्या जाळीच्या दाराला मी कुलूप लावलंय. किल्ली सोबत घेऊन ओजसबरोबर माहेरी, बिबवेवाडीला चाललेय. शोधत बसू नकोस.

रविराजभाऊजींनी पूल हौसेनं बांधलाय, छानच आहे. आल्यागेल्याला तू चहाआधी तोच दाखवतेस. पण काल काठावर चार मोठी माणसं होती आणि माझा मुलगा खोल बाजूला गेलेला कुणाला कळलं नाही. तू आधी केस मोकळे केलेस, मग फोटो काढलेस, मग आमच्या ह्यांच्या पांचट विनोदावर पोट धरून हसलीस. त्या विनोदाला मी कधीच हसलेली नाही.

शेवटी अंगावरच्या नव्या ड्रेससकट उडी मारून त्याला बाहेर काढलंस तूच. कालपासून घरभर तुझंच कौतुक चाललंय. चालू दे.

यापुढे पोरं पाण्यात असली की एका मोठ्या माणसानं फक्त पाण्याकडे बघायचं. फोन नाही, गप्पा नाहीत. पहिली पाळी माझी.

सकाळी दूध पिताना ओजस म्हणाला, "आई, मी हात हलवत होतो. तू काकूकडेच बघत होतीस."

शालूताई