गुडघाभर पाण्यातून

ती. आईंना तुमच्या जावयाचा नमस्कार.

आधी शेवट सांगून टाकतो: तुमची लेक ठणठणीत आहे. भरपेट जेवून, पदक उशाशी घेऊन घोरते आहे.

आज तिची पहिली ट्रायथलॉन झाली. आधी तळ्यात पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. “आईला फक्त सायकल आणि पळणं कळव,” असं तिनं बजावलंय. पण माझ्या पोटात काही राहत नाही, हे तुम्ही जाणताच.

तळ्यात सगळ्यांच्याच टोप्या पिवळ्या. आपली कुठली तेच कळेना. घसा बसेपर्यंत ओरडलो, तर मी भलत्याच बाईला धीर देत होतो.

आपली पाण्यातून शेवटून दुसरी आली. मला बघून हसतच सुटली. “अरे, तू कशाला उतरलास?” खाली बघतो तर मी बुटांसकट गुडघाभर पाण्यात. मला कुठे पोहता येतं?

बूट खिडकीत वाळतायत. तुमचा खोकला कसा आहे?

लहानपणी ती बुडत होती, तेव्हा पोहता येत नसताना तुम्ही चपलांसकट पाण्यात शिरला होतात. ती गोष्ट घरात सगळे हसत सांगतात. मीही हसायचो. यापुढे नाही हसणार.

तुमचा,
ओल्या बुटांचा जावई