कोरडं बेअरिंग

१४ नोव्हेंबर
धोबी पक्षी आला. कारखान्याच्या शेडच्या पत्र्यावर शेपटी वरखाली करत फिरत होता, तपासणीला आलेला साहेब जसा. चार दिवस उशीर. माफ केला. स्वेटर अजून पेटीतच. थंडीला यायचंय की नाही, तिचं तिला माहीत.

२२ नोव्हेंबर
आठ दिवस झाले, सकाळी चहा घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत बसतोय. कोरडं बेअरिंग नाही.

बोटाएवढा हिरवट पक्षी हा. पानांत पान होऊन बसतो. दिसायचं नाव नाही, ऐकू येईल तेवढाच. शेजारचे मास्तर शाळेतून निवृत्त झाल्यापासून पक्ष्यांची शिरगणती करतात, ते त्याला वटवट्या म्हणतात. माझं नाव पहिल्या हिवाळ्यातलं. तेव्हा कारखाना म्हणजे खिडकीसमोरच्या या झाडाखालचं एक बाकडं. पहिली मोटर दुरुस्त केली, चालू केली, आणि कुठूनशी बारीक किरकिर. वाटलं, बेअरिंग कोरडं पडलंय. तीनदा खोलली! बेअरिंग ठणठणीत. चौथ्यांदा मोटर बंद केली तरी किरकिर चालूच. वर बघितलं, तर पान हललं.

तेव्हापासून दर हिवाळ्यात तो ओरडला की मी वर्ष पास झालो असं समजतो. शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं कानाने शिकलो.

३० नोव्हेंबर
मास्तर वही घेऊन आले. "वटवट्या किती?"
"शून्य."
"तुम्ही म्हणताय म्हणजे शून्यच." लिहून मोकळे. मास्तरांच्या कानात यंत्र आहे, ते मधूनच स्वतःच शिट्टी मारतं. म्हणून झाडावरचे पक्षी माझ्याकडे, तळ्यावरचे त्यांच्याकडे. अशी वाटणी.

३ डिसेंबर
तळ्यावर बदकं उतरली. इथपर्यंत गलका ऐकू येतो. छान वाटलं.

९ डिसेंबर
अजून पंखा लागतो दुपारी. माझा एक सिद्धांत तयार झालाय. यंदा जाड आवाजाचे सगळे आले — बदकं, पारवे, तो घसा बसल्यासारखा ओरडणारा. बारीक आवाजाचा एकही नाही. बारीक आवाजाचे अंगानेही बारीक. वर उत्तरेत त्यांच्या मुलखातही यंदा ऊब असणार, मग एवढ्याशा जिवाने एवढी पायपीट कशाला करावी? मास्तरांना पटलं. म्हणाले, "हे कळवायला पाहिजे वर."

ही वाटाणे सोलत बसली होती. म्हणाली, "आज झाडावर फार चिवचिव आहे बाई."
"चिमण्या असतील." हिच्यासमोर कावळा आणि कोकीळ ठेवले तर म्हणेल, दोन्ही काळेच.

१८ डिसेंबर
बेकरीतल्या पीठ मळायच्या यंत्राची मोटर दुरुस्त होऊन आज निघाली. कारखाना आता लेक बघते. हिशेब तिचा, माणसं तिची, पण शेवटची तपासणी माझी. मोटरीवर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि बेअरिंग काय म्हणतं ते ऐकायचं. माणसं म्हणतात, इथली मोटर म्हाताऱ्याच्या कानाखालून गेल्याशिवाय फाटकाबाहेर पडत नाही. ही एक गोष्ट काढून घेतली तर शेडमध्ये मी कशाला जायचं? चहा प्यायला?

गुळगुळीत चालत होती. "जाऊ दे," म्हटलं.
लेक म्हणाली, "बाबा, परत एकदा ऐकता?"
"तू पाळण्यात होतीस तेव्हापासून ऐकतोय."
तिने माझ्याकडे बघितलं, आणि मोटर टेंपोत चढवायला सांगितली.

२३ डिसेंबर
शून्य. चहा मात्र उत्तम झाला होता.

२७ डिसेंबर
बेकरीवाला मोटर घेऊन परत आला. "काका, काय दिलंत हे? किंचाळतंय नुसतं! पिठाला कान असते तर त्यानेही झाकले असते."

बाकावर ठेवली, चालू केली. मला तर तीच गुळगुळीत घरघर. बेकरीवाल्याने तोंड वाकडं केलं. लेकीने केलं. कोपऱ्यातला वेल्डर तोंडावरचा मुखवटा वर करून बघायला लागला. मी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. घरघर, बस.

"बंद करा बाबा," लेक हळूच म्हणाली.

मग मीच खोलली. ग्रीस वाळून खपली झालेलं. आतल्या गोळ्या तापून निळ्या पडलेल्या. हे डोळ्याला दिसतं, आंधळाही सांगेल. बेकरीवाल्याची माफी मागितली, नवं बेअरिंग माझ्या हाताने बसवलं. तो भला माणूस. म्हणाला, "होतं काका एखाद्या वेळी." जाताना पावाची पिशवी ठेवून गेला, खरं तर मी त्याला द्यायला हवं होतं काहीतरी.

२८ डिसेंबर
लेकीला समोर बसवून विचारलं. आधी टाळाटाळ. मग म्हणाली, "वर्षभर मी तुमच्यामागून एकदा ऐकते. चार मोटरी तुमच्या नकळत फाटकातूनच परत आत घेतल्या. त्या दिवशी तुम्ही टेंपोपाशीच उभे होतात, म्हणून गप्प बसले."

वर्षभर! आणि शेडमध्ये कुणी शब्द काढला नाही. सगळे मिळून माझा कान सांभाळत होते. राग यायला हवा होता. आला नाही. म्हटलं, पोर कामाला पक्की निघाली, आणि कान तर माझ्याच घरचा आहे. लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "मग तुम्ही?" म्हटलं, मी खोलेन. हात अजून आहेत.

घरी आल्यावर खिडकीकडे लक्ष गेलं. एक शंका आली. उद्या बघू.

२९ डिसेंबर
सकाळी हिला खिडकीत बसवलं. "डोळे मिट आणि काय काय ऐकू येतं ते सांग."
"कावळा. कुणाची तरी बादली. आणि ही रोजची, सुईसारखी किरकिरणारी."
"रोजची?"
"महिना-दीड महिना झाला की."
"मग बोलली का नाहीस?"
"मला वाटलं, तुम्ही दुसऱ्याच कुणाची वाट बघताय."

म्हणजे आला होता. थंडी नसताना, अगदी वेळेवर. जग जिथल्या तिथे आहे, बिघाड फक्त माझ्यात निघाला — किती बरं झालं! मास्तरांकडे जाऊन शून्य खोडायचं. कानातलं यंत्र कुठून घेतलं तेही विचारायचं.

वटवट्या : एक. ऐकला : हिने.